मूल हरवलं तर कोण काय करतं : इंदुरात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

इंदुरात एखादं मूल हरवलं की घरची माणसं जवळच्या ठाण्यात जातात, तक्रार देतात आणि मग फोनकडे डोळे लावून बसतात. पोलीस शोधतातही. पण मूल पोलिसांनाच सापडेल असं नसतं. ते रतलामच्या फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला दिसतं, किंवा सरवटे बसस्थानकावर कुणाला तरी शंका येते आणि तो माणूस १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करतो. दुसऱ्या दिवशी ते मूल भलत्याच जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे (मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हे ती ठरवते) बसलेलं असतं. हरवल्याची नोंद एका खात्याकडे आणि सापडल्याची दुसऱ्याच. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या की मूल घरी येतं. त्या भेटायला उशीर लागतो तेव्हा मूल बालगृहात सुखरूप असूनही आईवडील दिवसचे दिवस वणवण फिरत राहतात.

म्हणून शेजारी, मंडळाचा कार्यकर्ता किंवा नातेवाईक म्हणून त्या कुटुंबासोबत उभं राहायची वेळ आली, तर आपलं काम एकच: या नोंदी जुळतील असं बघायचं. शोधाचं काम यंत्रणांचं आहे. पण एका यंत्रणेला कळलेलं दुसरीपर्यंत पोचलं का, हे विचारणारा माणूस घराच्या बाजूने लागतो. घरची माणसं त्या अवस्थेत नसतात.

हा लेख रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या बाजूंच्या मंडळांत नव्याने काम करू लागलेल्यांसाठी आहे, तसाच पुण्या-नागपूरकडून बदली होऊन इथे आलेल्या कुटुंबांसाठीही. कायदा देशभर एकच असला तरी इथली कार्यालयं आणि वाटा माहीत असलेल्या बऱ्या.

पहिला अर्धा तास

घर आधी नीट बघा. पलंगाखाली, कपाटात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, पार्किंगमधल्या गाडीत. लहान मुलं लपता लपता झोपून जातात. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, शेजारपाजारी विचारा, शाळेच्या रिक्षावाल्याला फोन करा. मूल बोलत नसेल, स्वमग्न असेल किंवा मतिमंद असेल, तर सर्वात आधी पाण्याच्या जागा बघा: नाला, हौद, विहीर, बांधकामासाठी खणलेला खड्डा. असं मूल हाक मारली तरी ओ देत नाही, म्हणून नुसत्या हाका मारत फिरण्यावर विसंबू नका.

हे शोधणं चालू असतानाच ११२ ला फोन करा आणि घरातल्या एकाने ठाण्याची वाट धरावी. शोध संपल्यावर नव्हे, शोध चालू असतानाच. २४ तास वाट बघावी लागते ही समजूत इतकी खोल बसली आहे की शिकलेली माणसंही रात्र काढतात. कायद्यात अशी अट कुठेही नाही. मूल तासाभरात कोपऱ्यावरच्या मित्राकडे सापडलं, तर पोलिसांना फोन करून तसं कळवता येतं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. गेलेला तास मात्र भरून निघत नाही. इंदुरातून बाहेर पडायला एका तासात पुरेशी वाहनं मिळतात.

घरात एक माणूस थांबलाच पाहिजे. मूल स्वतःहून परत येऊ शकतं आणि तेव्हा दाराला कुलूप नको. मुलाचा फोन, लॅपटॉप, टॅब कुणी हाताळू नये. खाती लॉग-आऊट करू नका, चॅट पुसू नका, 'काय लिहिलंय बघू' म्हणून चुकीचे पासवर्ड मारत बसू नका. फोनचं खोकं सापडलं तर जपून ठेवा. त्यावरचा आयएमईआय क्रमांक पोलिसांना लागतो. मूल ऑनलाइन गेम खेळत असेल तर त्याचं तिथलं नाव मित्रांकडून विचारून घ्या.

दुकानांचे आणि घरांचे सीसीटीव्ही त्याच दिवशी बघायला लावा. बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग त्यावर नवं चढतं. दुकानदाराला नम्रपणे सांगा की हे जपून ठेवा, पोलीस मागायला येतील. आणि कॅमेऱ्यातली वेळ व घड्याळातली वेळ यात किती फरक आहे तेवढं लिहून घ्या. ही बारीकशी गोष्ट बहुतेकांकडून राहते आणि पुढे सगळा हिशेब चुकतो.

ठाण्यात

कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती मूल. आईवडिलांना किंवा पालकांना तिचा ठावठिकाणा माहीत नसेल तर, कारण काहीही असो, ते मूल हरवलेलं आहे. 'रागावून गेला असेल, येईल', 'मुलगी कुणाबरोबर तरी गेली असेल' ही ठाण्यात ऐकू येणारी वाक्यं तपासातला अंदाज म्हणून ठीक. नोंद न करण्याचं कारण म्हणून चालत नाहीत. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली असली तरीही ती हरवलेलं मूलच.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट केलं की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरूनच तपास करायचा. पुढे २०१६ च्या बाल न्याय नियमांतही ते आलं. त्यामुळे इथे अशा प्रकरणात भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली, म्हणजे अपहरणाचा, गुन्हा नोंदवला जातो. हे पाहून घरचे दचकतात, 'आम्ही कुणावर आळ घेतला नाही' म्हणतात. त्यांना समजावून सांगा की गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्ध असतो, आणि तो नोंदला गेला तरच पोलिसांना मोबाईलचं लोकेशन काढण्यापासून दुसऱ्या राज्यात पथक पाठवण्यापर्यंतची दारं सहज उघडतात.

ठाण्यातून उठण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. एफआयआरची प्रत, जी तक्रारदाराला फुकट मिळते. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल क्रमांक. आणि त्या ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात असा किमान एक अधिकारी नेमलेला असतो, सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या हुद्द्याचा. नव्या माणसांना हे पद माहीत नसतं, म्हणून ते थेट टी.आय. साहेबांच्या, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाच्या, दाराशी खोळंबतात. टी.आय. ना भेटाच, पण रोजची विचारपूस याच अधिकाऱ्याकडे ठेवा. जिल्ह्याच्या पातळीवर याच कामासाठी विशेष बाल पोलीस पथक असतं, त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते नेमायचे असतात आणि त्यातली एक स्त्री असते.

हद्दीचा वाद झाला तर घाबरू नका. मूल राजवाड्यावरून हरवलं आणि तुम्ही अन्नपूर्णा भागात राहता, तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घेता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता नोंद करण्याची तरतूद आहे. ती नोंद पुढे योग्य ठाण्याकडे जाते. तरीही कुणी टाळाटाळ केली तर तक्रार लेखी करून वरिष्ठांकडे पाठवा. इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरातली ठाणी त्या त्या झोनच्या उपायुक्तांखाली येतात. महू, सांवेर, देपालपूर ही बाजू ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. पैसे नसले किंवा कायदा कळत नसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत विनाशुल्क मिळते, फोन १५१००.

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की इथले कागद हिंदीत असतात. 'गुम इंसान' (हरवलेली व्यक्ती), 'कायमी' (गुन्ह्याची नोंद), 'दस्तयाब' (सापडलेली व्यक्ती) असे शब्द दिसतील. सही करण्यापूर्वी सगळं मोठ्याने वाचून घ्या.

वर्णन: सगळं काम इथे अडतं किंवा सुटतं

पोलीस जे लिहून घेतात ते ठाण्याच्या संगणकात आणि हरवलेल्या मुलांच्या पोर्टलवर जातं. बालगृहात मूल आलं की तिथेही अशीच माहिती भरली जाते. हे दोन्ही तपशील एकमेकांशी पडताळायचे असतात. आणि मराठी घरातल्या मुलाच्या बाबतीत ते जुळायला काही खास अडचणी येतात.

पाच वर्षांच्या मुलाला नाव विचारलं तर तो 'अथर्व' सांगेल असं नाही, 'पिल्लू' किंवा 'दादू' सांगेल. बाबांचं नाव विचारलं तर 'बाबा'. आजोबांना 'आबा' म्हणत असेल तर तेच सांगेल. हिंदी बोलणाऱ्या हवालदाराला यातलं काय नाव आणि काय नातं हे कळेलच असं नाही. म्हणून तक्रारीत पाळण्यातलं नाव, घरातलं लाडाचं नाव, आईबाबांना, आजीआजोबांना मूल काय हाक मारतं, हे सगळं लिहायला लावा. आडनावाचंही तसंच. आपण नावामागे वडिलांचं नाव आणि मग आडनाव लिहितो. इथल्या फॉर्मात वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात जातं आणि कधी मधलं नावच आडनाव म्हणून चढतं. इंग्रजी स्पेलिंग आधारवर जसं आहे अगदी तसंच द्या, आणि शाळेत वेगळं असेल तर तेही.

पत्ता मूल कसं सांगेल याचा विचार करा. ते कॉलनीचं नाव सांगणार नाही. 'आमच्या घरासमोर गणपती आहे', 'खाली पोह्यांचं दुकान आहे' असं सांगेल. शाळेचं नाव, वर्गबाईंचं नाव, बसचा रंग, घरातल्या कुत्र्याचं नाव, कुठली प्रार्थना किंवा शुभंकरोती पाठ आहे, ही माहिती फालतू वाटते, पण समुपदेशक मुलाशी बोलायला बसते तेव्हा याच धाग्यांवरून घर सापडतं. भाषा कुठली बोलतं हे आवर्जून लिहा: घरी मराठी, बाहेर हिंदी. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असेल तर तसं.

खुणा नेमक्या सांगा. 'गालावर तीळ' नको. उजव्या गालावर, डोळ्याखाली. जुने टाके, भाजल्याचा डाग, पुढचा दात पडलेला, चष्मा, कानात टोचलेलं, हातावरचा गंडा, गळ्यातलं ताईत. हरवताना अंगावर काय होतं आणि पायात काय होतं. औषध चालू असेल, फिट येत असतील, दमा असेल तर ते सर्वात वर, कारण ते वाचून पुढचा माणूस मुलाला आधी डॉक्टरकडे नेईल. फोटो गेल्या काही महिन्यांतला, समोरून, चेहरा स्पष्ट, फिल्टर नसलेला. नटूनथटून काढलेला लग्नातला फोटो उपयोगी पडत नाही.

हे एका पानावर लिहा, त्याच्या प्रती काढा आणि प्रत्येक ठिकाणी तेच पान द्या. ठाण्यात एक वय, रेल्वेत दुसरं आणि व्हॉट्सॲपवर तिसरं, असं झालं की नोंदी जुळायच्या थांबतात. पानाच्या वर एफआयआर क्रमांक, ठाणं आणि तारीख. हा क्रमांक म्हणजे या सगळ्या कार्यालयांतून ओवलेला दोरा आहे. कुठेही फोन करा, पहिल्या वाक्यात तो सांगा.

रेल्वे आणि बस

इंदुरातून मोठं मूल रागावून निघालं तर मुंबईची ओढ असते. सरवटे बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी इंदूरहून निघते आणि उज्जैन, रतलाम, दाहोद, वडोदरा, सुरत करत सकाळी मुंबईत पोचते. या एका रात्रीत गाडी तीन राज्यांतून जाते, आणि यंत्रणांचा सगळा गुंता त्यात दिसतो.

स्टेशनवर दोन वेगवेगळे गणवेश असतात. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, केंद्राचं आहे आणि देशभर एकच. रेल्वे पोलीस, जीआरपी, हे राज्याचे पोलीस आहेत, त्यामुळे राज्य बदललं की तेही बदलतात: रतलामला मध्य प्रदेशचे, वडोदऱ्याला गुजरातचे, बोरिवलीला महाराष्ट्राचे, ज्यांना तिकडे लोहमार्ग पोलीस म्हणतात. अपहरणासारखा गुन्हा नोंदवणं जीआरपीच्या हातात आहे. पण फलाटावर एकटं बसलेलं मूल हेरण्याचं काम आरपीएफ मोठ्या प्रमाणावर करतं. २०१८ पासून त्यांची 'नन्हे फरिश्ते' नावाची मोहीम याचसाठी चालू आहे. त्यांना मूल दिसलं की ते चाइल्डलाइनच्या (म्हणजे १०९८ च्या) किंवा बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करतात.

म्हणून स्टेशनवर दोन्ही दारं ठोठवा. जीआरपी ठाण्यात आपलं एक पान द्या आणि पुढच्या स्टेशनांना संदेश पाठवायची विनंती करा. आरपीएफ चौकीत दुसरी प्रत द्या. सोबत १३९ वर फोन करून गाडीचं नाव, संभाव्य डबा आणि वर्णन सांगा. त्या क्रमांकावरून चालत्या गाडीतल्या आरपीएफ आणि तिकीट तपासनिसांपर्यंत निरोप जाऊ शकतो. गाडी रतलाम सोडण्याआधी निरोप पोचला तर मूल मध्य प्रदेशातच उतरवून घेता येतं आणि पुढचे कित्येक कागद वाचतात. मूल एकटं असतं तेव्हा ते आरक्षित डब्यात क्वचितच बसतं, त्यामुळे जनरल डबा आधी सांगा.

बसचं काम जास्त विस्कळीत आहे, कारण तिथे आरपीएफसारखं कुणी नाही. सरवटे, गंगवाल, आणि खासगी ट्रॅव्हल्स जिथून सुटतात त्या तीन इमलीसारख्या जागा, हे सगळं माणसं पाठवूनच करावं लागतं. मंडळाचं मनुष्यबळ इथे खरं उपयोगी. ड्रायव्हर-कंडक्टरला फोटो दाखवा; ढाब्यावर गाडी थांबते तेव्हा ते बघू शकतात. कुणी दोघं एम. वाय. रुग्णालयात जा आणि अनोळखी जखमी मूल आणलंय का ते अपघात विभागात विचारा. मन धजत नाही, पण विचारायलाच हवं.

१०९८

हा क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाला आणि देशभर पसरला. पूर्वी तो स्वयंसेवी संस्था चालवत. २०२३ पासून तो सरकारने आपल्याकडे घेतला आणि ११२ शी जोडला. फोन फुकट, रात्रंदिवस. मूल हरवलं तरी लावायचा, सापडलं तरी लावायचा. जुन्या कार्यकर्त्यांना ओळखीच्या संस्थेतल्या ताईंना थेट फोन करायची सवय आहे. ती सोडू नका, पण १०९८ वर नोंद झाल्याशिवाय तो फोन कागदावर येत नाही. आता जिल्ह्यात हे काम महिला व बाल विकास खात्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी जोडलेलं आहे. तिथेही आपलं एक पान द्या, कारण जिल्ह्यातल्या बालगृहांची माहिती त्यांच्याकडे असते.

पोर्टलबद्दल थोडक्यात: 'ट्रॅक चाइल्ड'वर पोलीस, समित्या आणि बालगृहं माहिती भरतात. 'खोया-पाया' २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठी आलं, त्यावर आपणही माहिती टाकू शकतो. आता हे मिशन वात्सल्यच्या पोर्टलखाली एकत्र आणलं आहे. तपास अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा: माहिती पोर्टलवर चढली का, फोटोसह?

फोटो सगळीकडे पाठवण्याआधी

पोस्टर करायचं तर त्यावर ठाण्याचा क्रमांक, ११२ आणि १०९८ टाका. आईचा मोबाईल टाकू नका. 'मूल आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा' असे फोन येतात, आणि त्या अवस्थेत माणूस पाठवूनही बसतो. असा फोन आला तर क्रमांक आणि वेळ पोलिसांना द्या. घराचा पत्ता, आईवडिलांच्या भांडणाचा उल्लेख, मुलगी 'कुणाबरोबर' गेली याचे तर्क, यातलं काहीही पोस्टरवर नको. तारीख ठळक टाका, म्हणजे दोन वर्षांनी तोच संदेश पुन्हा फिरू लागला तर लोकांना कळेल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. अशा दिवसांत 'मुलं पळवणारी टोळी आली' हे व्हिडिओ फिरायला लागतात. रडणाऱ्या मुलाला घेऊन जाणारा परका माणूस त्याचा बापही असू शकतो. शंका आली तर ११२ ला फोन करा, माणसाला थांबवून ठेवा, पण हात उचलू नका आणि कुणाला उचलू देऊ नका.

मूल तुम्हालाच सापडलं तर

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), खजराना गणपतीची गर्दी: इंदुरात मुलांचा हात सुटायच्या जागा ठरलेल्या आहेत. मंडपात लाऊडस्पीकर असतो आणि उत्साही कार्यकर्ता मुलाचं नाव, वडिलांचं नाव, घातलेले कपडे, सगळं जाहीर करून टाकतो. मग जो येईल त्याला ओळख पटवायला उरतं काय? फक्त 'एक लहान मुलगा आमच्या मंडपात आहे' एवढं सांगा आणि येणाऱ्याकडून नाव, कपडे, खूण विचारून घ्या. मूल त्याला बघून काय करतं तेही बघा. ओळखपत्राचा फोटो घ्या, मोबाईल क्रमांकावर रिंग द्या, जवळच्या पोलिसाला साक्षीला बोलवा. मुलाजवळ कायम दोघं जण थांबा, त्यातली एक बाई असावी.

थोड्या वेळात कुणी आलं नाही तर १०९८ किंवा ११२. मूल घरी नेऊन जेवू घालू, सकाळी बघू, ही माया समजते, पण कायदा त्याला परवानगी देत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे हरवलेलं मूल ज्याच्या हाती लागलं त्याने प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २४ तास ही शेवटची मर्यादा आहे. तुम्ही मूल घरी ठेवलेल्या त्या रात्री त्याची आई दुसऱ्या ठाण्यात बसलेली असते आणि तिथल्या पोलिसांना तुमच्याकडचं मूल दिसतच नाही.

जळगाव, बुलढाणा, अकोल्याकडून निघालेलं एखादं मराठी मूल इथे येऊन थडकलं, की बालगृहातल्या लोकांना त्याची बोली कळत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषांची यादी असते. इंदुरातल्या मराठी माणसांनी, विशेषतः निवृत्त शिक्षिकांनी, त्या यादीत आपलं नाव द्यावं. आपल्या मंडळांना करता येण्याजोगं याहून मोलाचं काम मला दिसत नाही.

बाल कल्याण समिती

अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत तिच्यापुढे आणावं लागतं आणि ते कुणाच्या ताब्यात द्यायचं हे तीच ठरवते. म्हणूनच वडोदऱ्याला पोलिसांकडे मूल असल्याचं कळलं आणि वडील गाडी करून धावले, तरी पोलीस मूल हातात देत नाहीत, समितीकडे बोट दाखवतात. ते अडवणूक करत नसतात.

निघताना बरोबर घ्या: एफआयआरची प्रत, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) असेल तर तो, कुटुंबाचा एकत्र फोटो. आईवडील वेगळे राहत असतील तर ताब्याबद्दलचा न्यायालयाचा आदेश. वकील लागत नाही, फी नसते. दुसऱ्या राज्यातली समिती मुलाला इंदूरच्या समितीकडे पाठवू शकते, किंवा इथल्या बाल संरक्षण कक्षाकडून घराची पाहणी करून अहवाल मागवू शकते. हा अहवाल कुठे अडकलाय हे बघायला इथे तुमच्यासारखं माणूस हवं. तपास अधिकारी, बाल संरक्षण कक्ष आणि तिकडची समिती, तिघांना एकमेकांचे क्रमांक दिले आहेत का याची खात्री करा.

समिती मुलाशी एकट्याने बोलते. मूल कधी म्हणतं, मला घरी जायचं नाही. बाहेर बसलेल्या बापाला हा अपमान वाटतो, आवाज चढतो. त्याला बाजूला घेऊन सांगा की मूल घाबरलेलं असू शकतं, मार खाल्लेला असू शकतो, परीक्षेचं दडपण असू शकतं, आणि हे ऐकून घेण्यासाठीच समिती आहे. घरात खरंच मारहाण होत असेल तर तुम्ही कुटुंबाच्या बाजूने नाही, मुलाच्या बाजूने उभं राहायचं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो लागतो, वैद्यकीय तपासणी आणि जबाब होतात. त्या वेळी मुलाला वारंवार तेच सांगायला लावू नका, नातेवाइकांनाही लावू देऊ नका.

दिवस लांबले तर

चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. ही तारीख डायरीत लिहून ठेवा आणि ती उलटली की लेखी विचारा. पोलिसांची 'मुस्कान' मोहीम निघते तेव्हा जुनी प्रकरणं पुन्हा उघडून बालगृहं तपासली जातात; त्या आधी आपला फोटो पोर्टलवर नीट आहे ना हे बघून घ्या. दर महिन्याला एकदा तपास अधिकाऱ्याला फोन. अधिकारी बदलतात, नव्याला प्रकरण माहीत नसतं. म्हणून ते एक पान पुन्हा द्या.

आधारमुळेही मुलं घरी पोचली आहेत. बालगृहात मुलाचं नवं आधार काढायला गेलं की बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याने अर्ज फेटाळला जातो, आणि त्यावरून जुन्या नोंदीपर्यंत जाता येतं. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या आधारमध्ये ठसे नसतात. ते पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, आणि बरेच लोक ते करतच नाहीत. तुमच्या सोसायटीत पाच ओलांडलेली मुलं असतील तर आधार केंद्राचं शिबिर लावून घ्या. नोंदीतला मोबाईल क्रमांकही चालू असलेला ठेवा.

मूल घरी आल्यावर

ज्या ठाण्यात एफआयआर आहे तिथे मुलाला घेऊन जावं लागतं. दुसऱ्या जिल्ह्यातून समितीच्या आदेशाने आणलं असलं तरी. तिथे सापडल्याची नोंद होते, गरज पडली तर दंडाधिकाऱ्यापुढे जबाब होतो. ही नोंद झाली नाही तर ते मूल कागदोपत्री हरवलेलंच राहतं. पोर्टलवरूनही ते उतरलं का ते विचारा. जीआरपी, आरपीएफ, १०९८, बाल संरक्षण कक्ष, ज्यांना ज्यांना पान दिलं त्या सगळ्यांना फोन करून मूल मिळाल्याचं सांगा, म्हणजे त्यांचा वेळ दुसऱ्या मुलासाठी मोकळा होतो.

मग व्हॉट्सॲपचे गट, फेसबुक, भिंतीवरची पोस्टर. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही; त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा मूल आल्याच्या आनंदात हार घालून काढलेला फोटो टाकू नका. जुना संदेश जिथे जिथे पाठवला तिथे 'मूल सुखरूप मिळालं, कृपया हा फोटो पुढे पाठवू नका आणि पुसून टाका' एवढं लिहा, आणि पोस्टर उतरवायला जातील त्या दोघांची नावं त्याच दिवशी ठरवा.